आगीची दिशा

आमोसाच्या पुस्तकाची सुरुवात आगीने होते. आमोस हा यरुशलेमच्या दक्षिणेकडच्या तकोवा गावचा मेंढपाळ; उंबरांची मशागतही करणारा. ज्या संदेष्ट्यांची वचने स्वतंत्र पुस्तकरूपाने टिकली, त्यांतला तो बहुधा सर्वांत जुना. इ.स.पू. ७६० ते ७५०च्या सुमारास तो सरहद्द ओलांडून उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात गेला आणि शेजारच्या राष्ट्रांची नावे एकामागून एक घेऊ लागला. दिमिष्कातल्या हजाएलच्या घराण्यावर आग येईल. गज्जाच्या तटावर येईल. सोर, अदोम, अम्मोन, मवाब यांच्या गढ्या तिच्यात भस्म होतील. अम्मोनाच्या राब्बा नगरावर तर आगीच्या जोडीला वावटळही सुटेल. प्रत्येकाचा गुन्हा तो नाव घेऊन सांगतो. कुणी गिलादच्या लोकांना मळणीच्या लोखंडी अवजारांखाली भरडले, कुणी गावेच्या गावे गुलाम म्हणून विकली, कुणी गरोदर बायकांची पोटे फाडली. मवाबाचा गुन्हा तर आगीचाच आहे : त्याने अदोमाच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला.

ऐकणाऱ्यांना इथवरचे सगळे रुचले असणार. यातली बहुतेक नावे शत्रूंची होती, काहींशी पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते. सातवे नाव यहूदाचे आले, आमोसाच्या स्वतःच्या मुलखाचे, आणि त्याच्याही वाट्याला तेच आगीचे वाक्य आले. मग आठवे नाव : इस्राएल. या नावाखालची फिर्याद सर्वांत लांब आहे. प्रामाणिक माणूस रुप्यासाठी विकला जातो आणि गरीब एका जोड्याच्या किमतीत. गहाण घेतलेली वस्त्रे अंथरून लोक वेदीशेजारी पहुडतात. आणि सात वेळा ऐकून ज्याची सवय झाली ते आगीचे वाक्य इथे येतच नाही. भरल्या गाडीखाली दबावे तसे लोक दबतील, चपळालाही पळता येणार नाही, एवढेच संदेष्टा सांगतो. आग त्याने राखून ठेवली आहे. पाचव्या अध्यायात ती योसेफाच्या घराण्यावर, म्हणजे इस्राएलवरच, भडकण्याच्या बेतात असते आणि सातव्यात आमोसाला प्रत्यक्ष दिसते.

बायबलमधल्या संदेष्ट्यांची आग आणि वादळ अभ्यासू पाहणाऱ्या वाचकाचे स्वागत मी आमोसापासून करतो, कारण या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्याने पहिल्या दोन अध्यायांतच उभा केला आहे. आग कोणाच्या दिशेने चालली आहे? देव कोपतो, विजा पडतात, शत्रू जळतो, असे प्राचीन पश्चिम आशियात सगळीकडे सांगितले जात होते. तीच वीज आपल्याच राजाकडे, आपल्याच मंदिराकडे, आपल्याच बाजारपेठेकडे वळवणारी माणसे इस्राएलात आणि यहूदात निघाली, आणि त्यांचे बोलणे त्याच लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवले, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. हवामान, युद्ध, पुराणकथा यांविषयीचे जे जे ज्ञान या शाखेत लागते, ते या वळणाचे मोल कळावे म्हणून मिळवायचे.

हवामानापासून सुरुवात करू. महाराष्ट्रातल्या वाचकाने इथे थोडे सावध असावे. आपल्याकडे उन्हाळा सोसल्यावर मेघ गर्जतात आणि पाऊस येतो. आमोसाच्या देशात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, शेवटचा मार्च-एप्रिलात, आणि उन्हाळा जवळजवळ पूर्ण कोरडा जातो. पाऊस तिथेही वरदानच. वेळेवर पडणाऱ्या आगोटीच्या आणि परतीच्या पावसाचे आश्वासन पवित्र ग्रंथात पुन्हापुन्हा येते. पण गहू कापणीला येतो तेव्हा आकाश निरभ्र असायला हवे. शमुवेल संदेष्ट्याने नेमक्या त्या दिवसांत गर्जना आणि पाऊस मागितला आणि तो आला, तेव्हा लोक भयभीत झाले. अवेळी गडगडणारे आकाश म्हणजे काहीतरी भयंकर चुकले आहे, हे त्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही.

हिवाळी वादळे भूमध्य समुद्रावरून येतात. कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्याच्या सेवकाला जो तळहाताएवढा ढग दिसला तो समुद्रातूनच वर येत होता. स्तोत्रसंहितेतले २९वे स्तोत्र अशाच एका वादळाचा माग घेते : आधी पाण्यावर गर्जना, मग लबानोनचे गंधसरू मोडून पडतात, मग वाळवंट थरथरते. यशया गारांचे वादळ घेतो आणि ते इस्राएलची राजधानी शोमरोन हिच्या मद्यधुंद पुढाऱ्यांवर सोडतो. यहेज्केलाची गारपीट याहून बारकाईने पाहण्यासारखी आहे. खोटे संदेष्टे शांती नसताना शांती आहे असे सांगत फिरतात. लोक कच्ची भिंत उभारतात आणि हे तिला चुन्याचा गिलावा करून देतात. मग मुसळधार पाऊस, गारा आणि सोसाट्याचा वारा येतो, भिंत पडते, पाया उघडा पडतो. गिलावा करणारे कुठे आहेत, असा प्रश्न शेवटी विचारला जातो. या वादळाचा रोख परराष्ट्रावर नाही. संदेष्ट्याच्या स्वतःच्या व्यवसायातल्या माणसांवर आहे.

दुसरा वारा पूर्वेचा. ऋतू बदलण्याच्या सुमारास, वसंतात आणि शरदात, वाळवंटाकडून तो धूळ आणि धग घेऊन येतो; एकदोन दिवसांत हिरवळ करपते, झरे आटतात, आणि वाळलेल्या काटेरी झुडपांना ठिणगी पुरते. होशेयाच्या तेराव्या अध्यायात हाच वारा आहे. यिर्मयाच्या चौथ्या अध्यायातही आहे, आणि तिथे संदेष्टा आवर्जून सांगतो की हा वारा उफणणीच्या कामाचा नव्हे. धान्य आणि भूस वेगळे करण्यापलीकडचा त्याचा जोर आहे. शेतकऱ्याला वाऱ्याचे जे बारकावे कळतात, त्यांवर ही वचने उभी आहेत. अलॉयशियस फिट्झगेराल्ड यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, ज्यांना आपण पावसाळी वादळाची वर्णने समजत आलो त्यांतली अनेक खरे तर या कोरड्या पूर्ववाऱ्याची आहेत. मला हे मत काही अध्यायांपुरते पटते, सरसकट पटत नाही. गारा आणि पूर जिथे स्पष्ट आहेत तिथे समुद्राकडचेच वादळ मानावे लागते. तरी त्या ग्रंथाने एक मोठे काम केले. आग आणि वारा या दोन वेगळ्या प्रतिमा एकत्र का येतात, याचे उत्तर त्याने पुस्तकी तर्काऐवजी त्या भूमीतल्या एका प्रत्यक्ष दिवसात शोधले.

हवामानाइतकेच युद्ध महत्त्वाचे. कुर्ख येथे सापडलेल्या आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या शिलास्तंभावर अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर इ.स.पू. ८५३च्या कर्करच्या लढाईचे वर्णन करतो. वादळाचा देव अदाद जसा पाऊस पाडतो तसा आपण शत्रूंवर संहार पाडला, अशी त्याची भाषा आहे. त्या शत्रूंच्या यादीत इस्राएलचा अहाब आहे, २,००० रथ आणि १०,००० सैनिकांसह. या आकड्यांबद्दल वाद आहेत, नावाबद्दल फारसा नाही. म्हणजे एलीयाच्या काळचा राजा दुसऱ्या कुणाच्या तरी शिलालेखात वादळाखाली उभा आहे. नगरे जिंकली, पाडली, जाळली, हे अश्शूरी राजांच्या इतिवृत्तांचे पालुपद होते. इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीबाने यहूदातले लाखीश घेतले. निनवेतल्या त्याच्या राजवाड्यात कोरलेल्या त्या वेढ्याच्या शिल्पपट्टांत तटावरून पेटते पलिते खाली फेकले जाताना दिसतात आणि तट फोडणारे यंत्र जळू नये म्हणून एक सैनिक पळीने त्याच्यावर पाणी ओतताना दिसतो. यशयाचे श्रोते या पिढीतले होते. त्यांना आगीची प्रतिमा म्हणजे काव्यालंकार वाटणे शक्य नव्हते. पीटर मशिनिस्ट यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की यशयाच्या वचनांत अश्शूरी राजांच्या या दर्पोक्तीचे पडसाद आहेत. पुराचे रूपक जसे अश्शूरी राजे स्वतःसाठी वापरतात तसेच यशया ते अश्शूरसाठी वापरतो. फरक एवढाच की पुराला सोडणारा हात आता इस्राएलच्या देवाचा, यहोवाचा आहे, आणि राजा केवळ पाणी आहे.

तिसरा धागा पुराणकथांचा. हर्मान गुंकेल यांनी १८९५ मध्ये बाबिलोनी सृष्टिकथा आणि हिब्रू काव्य यांचा संबंध मांडून या अभ्यासाला दिशा दिली होती, पण खरा पालट सीरियाच्या किनाऱ्यावर झाला. १९२८ मध्ये एका शेतकऱ्याचा नांगर जुन्या थडग्यावर अडखळला आणि पुढच्या वर्षी क्लोद शेफेर यांनी रास शामरा येथे उत्खनन सुरू केले. त्यातून उगारित नगर आणि त्याच्या मातीच्या पाट्या बाहेर आल्या. तिथला बआल मेघांवर आरूढ होतो, त्याच्या आवाजाने पृथ्वी हादरते, त्याच्या हातात वीज असते. लूव्र संग्रहालयातल्या त्याच्या शिल्पात ती भाल्यासारखी दिसते. त्याचा महाल बांधताना सहा दिवस आग धगधगत ठेवतात आणि सातव्या दिवशी तिच्यातून सोन्यारुप्याच्या विटा तयार झालेल्या असतात. मराठी वाचकाला वज्रधारी इंद्र इथे आठवेल. ते साहजिक आहे, पण ते साम्य क्षणभर बाजूला ठेवून उगारितकडेच पाहावे, कारण इस्राएलचा शेजार तो होता. हबक्कूकाच्या तिसऱ्या अध्यायात यहोवाच्या पावलांमागून जो रेशेफ चालतो, तो उगारितमध्ये रोगराईचा देव म्हणून पूजला जात होता. सीनायच्या वाळवंटात कुंतिलेत अजरूद येथे गिलाव्यावर लिहिलेल्या एका जुन्या हिब्रू मजकुरातही देव येतो आणि पर्वत वितळतात. म्हणजे ही भाषा यरुशलेमच्या मंदिराबाहेर, वाटसरूंच्या थांब्यावरही चालू होती.

यॉर्ग येरेमियास यांचा देवाच्या प्रकटनावरचा १९६५चा ग्रंथ आणि फ्रँक मूर क्रॉस यांचा कनानी पुराणकथांवरचा १९७३चा ग्रंथ, हे दोन या धाग्याचे आधारस्तंभ. डेल्बर्ट हिलर्स यांनी १९६४ मध्ये संदेष्ट्यांची शापवचने अश्शूरी आणि इतर तहनाम्यांतल्या शापांशेजारी ठेवली. त्यामुळे संदेष्टा हा मोडलेल्या कराराची आठवण देणारा फिर्यादीही आहे, हे लक्षात आले. याहून अधिक नावे प्रस्तावनेत देण्याची गरज नाही.

हे सगळे हाताशी घेऊन यशयाच्या एकोणतिसाव्या अध्यायाकडे वळले की अभ्यासाचा खरा आनंद सुरू होतो. अरीएल म्हणजे यरुशलेम. देव स्वतः तिला वेढा घालतो, मोर्चे बांधतो. मग अचानक गडगडाट, भूकंप, तुफान आणि भस्म करणारी ज्वाला घेऊन तो तिची भेट घेतो, आणि पुढच्याच ओळींत वेढा घालणारी राष्ट्रे भुकेल्याच्या स्वप्नासारखी विरून जातात. ती भेट शिक्षेची की सुटकेची? दोन्ही बाजूंनी गंभीर अभ्यासक उभे आहेत. माझ्या मते संदेष्ट्याने हा संदेह मुद्दाम ठेवला आहे. सियोन, म्हणजे यरुशलेम, आपली आहे म्हणून आग आपल्याला ओळखेल आणि वळसा घालून जाईल, हा जो विश्वास त्या नगरात होता, तो त्याला मोडायचा होता. आणि देवाने नगर सोडून दिले आहे, हेही त्याला म्हणायचे नव्हते.

यिर्मयाच्या वेळी तो विश्वास इतका घट्ट झाला होता की इशारा देणारा माणूस राजद्रोही ठरू लागला. छत्तिसावा अध्याय मी प्रत्येक नव्या वाचकाला वाचायला सांगतो. यहोयाकीम राजाच्या पाचव्या वर्षी, इ.स.पू. ६०४च्या सुमारास, नवव्या महिन्यात यिर्मयाचा लेखनिक बारूख याने त्याची वचने मंदिराच्या आवारात, शाफानाचा मुलगा गमऱ्या या लेखकाच्या दालनातून वाचून दाखवली. गुंडाळी राजापर्यंत पोचली. तो हिवाळी महालात शेगडीपुढे बसला होता. तीनचार स्तंभ वाचून झाले की तो लेखणी तासायच्या चाकूने तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा. जाळू नका, अशी विनंती ज्यांनी केली त्यांत गमऱ्या होता. राजाने ऐकले नाही; गुंडाळी सगळी जळाली. यिर्मयाने ती पुन्हा सांगितली, बारूखाने पुन्हा लिहिली, आणि तीत आणखी मजकूर आला.

इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने मंदिर, राजवाडा आणि मोठमोठी घरे जाळली. १९८२ मध्ये यिगाल शिलो यांच्या उत्खननात दावीदनगरातल्या जळालेल्या थरात एका घरातून ५१ मातीच्या मोहोरा मिळाल्या. त्या ज्या कागदपत्रांना लावल्या होत्या ती राख झाली. ओली माती मात्र त्याच आगीत भाजून पक्की झाली आणि टिकली. त्यांतल्या एकीवर शाफानाचा मुलगा गमऱ्या याचे नाव आहे. बहुतेक अभ्यासक हा तोच लेखक मानतात. पुराव्याच्या दृष्टीने पाहिले तरी हा शोध थक्क करणारा आहे, आणि यिर्मयाच्या वाचकाला तर तो थांबवूनच ठेवतो. त्याच यिर्मयाने देवाचे वचन आगीसारखे आहे असे म्हटले होते, आणि ते बोलायचे नाही असे ठरवले की हाडांत कोंडलेल्या आगीसारखे ते आपल्याला जाळते, अशी तक्रारही केली होती. राजाच्या शेगडीतली, संदेष्ट्याच्या हाडांतली आणि नगराला लागलेली, या तिन्ही आगी एकाच पुस्तकात आहेत आणि त्या एकमेकींकडे पाहतात.

आग गाळूनही घेते. चांदी शुद्ध करणाऱ्या कारागिराचे काम संदेष्ट्यांना चांगले माहीत होते. हिणकस रुप्यात शिसे घालून ते तापवायचे, भात्याने वारा घालायचा. शिसे हवेने जळत जाताना हीण आपल्याबरोबर ओढून नेते आणि मागे शुद्ध रुपे राहते. यशया यरुशलेमला हेच आश्वासन देतो. यहेज्केलाच्या बाविसाव्या अध्यायात मात्र मुशीत घातलेले सगळेच हीण निघते. यिर्मयाचे चित्र याहून दुःखद आहे : भाते जोराने चालतात, शिसे जळून संपते, कारागीर थकतो आणि दुष्टता काही वेगळी होत नाही; शेवटी ते रुपे टाकाऊ ठरते. मलाखीत, बाबिलोनातल्या बंदिवासानंतरच्या काळात, देव स्वतः मुशीपुढे बसलेला दिसतो आणि तिच्यात लेवीचे वंशज, म्हणजे मंदिराचे पुरोहितच, असतात. तो बसतो, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. रुपे गाळायला बैठक लागते, नजर हलवून चालत नाही.

संदेष्ट्याला आगीची हौस होती, असा समज अनेकांचा असतो. तो मोडायला आमोसाचा सातवा अध्याय पुरे. त्याला दृष्टान्तात आग दिसते. ती खोल महासागर पिऊन टाकते आणि जमीन खाऊ लागते. शेजाऱ्यांवर सहज आग सोडणारा हा कठोर मेंढपाळ तिथे कळवळून विनवतो की थांब, याकोब, म्हणजे इस्राएल, लहान आहे, तो टिकणार कसा? आणि देवाचे मन पालटते. अब्राहम हेशेल यांनी १९६२च्या ग्रंथात संदेष्ट्यांचा देव माणसांच्या दुःखाने विव्हळ होणारा आहे असे जे प्रतिपादन केले, ते पटायला हा एवढा प्रसंगही पुरेसा आहे. कोप हा तिथे आस्थेचाच भाग आहे. गरीब विकला जातो आणि देवाला काही वाटत नाही, हे आमोसाच्या लेखी कोपाहून भयंकर झाले असते.

एलीयाची गोष्ट याच परंपरेला स्वतःला तपासून पाहायला लावते. कर्मेलावर त्याच्या प्रार्थनेने आग उतरली. त्यानंतर होरेब पर्वतावर वारा आला, भूकंप आला, आग आली, आणि यहोवा त्यांपैकी कशातही नव्हता. त्यानंतर जे आले ते इतके सूक्ष्म होते की त्याला काय म्हणावे यावर भाष्यकार अजून बोलत आहेत. याच एलीयाला शेवटी अग्निरथ आणि वावटळ घेऊन गेली. ही कथा आपल्या कोकणातही आहे. तिथला बेने इस्राएल हा ज्यू समाज शुभप्रसंगी मलिदा करतो तो एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलीयाच्या, नावाने, आणि अलिबागजवळच्या खंडाळा गावातल्या कातळावरच्या खुणा त्याच्या रथाच्या आहेत, अशी त्या समाजाची श्रद्धा आहे. मराठी बोलणाऱ्या घरांत हा संदेष्टा शतकानुशतके पाहुण्यासारखा येतो आहे. ख्रिस्ती बाजूने पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. या अभ्यासाला मराठीत परके म्हणण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. भूकंप, महापूर, वणवा झाला की या वचनांचा आधार घेऊन मेलेल्यांवर पापाचा शिक्का मारणारे लोक प्रत्येक काळात निघतात. संदेष्ट्यांनी अशी परवानगी दिलेली नाही. त्यांनी आपत्तीआधी, बलवानांसमोर, तोंडावर सांगितले. आणि नगर जळाल्यावर विलापगीतांनी त्या राखेत बसून रडण्याला जागा दिली. शोमरोनी गावावर आकाशातून आग मागावी का, असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने त्यांनाच दटावले, हे लूकच्या नवव्या अध्यायात आहे. त्यांच्या डोळ्यांपुढे एलीयाच होता.

आता वाचायला कुठून लागावे? आमोसाचे पहिले दोन आणि सातवा अध्याय आधी, सलग. मग यशयाचे २८ ते ३०. त्यानंतर नहूमाचा पहिला अध्याय, कारण तिथे वादळ निनवेवर, परक्यावर जाते; इ.स.पू. ६१२ मध्ये ती नगरी पडली. आमोस ताजा असताना नहूम वाचला की त्याच्या विजयगर्जनेतही आपण आगीची दिशा पाहू लागतो. यिर्मयाचे ४, ६, २० आणि ३६ हे अध्याय एका बैठकीत वाचावेत. यहेज्केलाचा पहिला अध्याय, उत्तरेकडून येणारे वादळ आणि त्यात लखलखणारी आग, नवख्याने थोडा उशिरा घ्यावा, कारण इ.स.पू. ५९३ मध्ये खबार कालव्याकाठी बंदिवासात ते दर्शन झाले, आणि देव आपले नगर सोडून परदेशात येऊ शकतो हा त्यातला धक्का आधीचे वाचल्याशिवाय बसत नाही. सफन्याचा क्रोधाचा दिवस मध्ययुगीन लॅटिन प्रार्थनागीतातून मोझार्ट आणि वेर्दी यांच्या संगीतापर्यंत कसा गेला, ती वेगळी आणि सुंदर वाट आहे. ती नंतर चालता येईल. मलाखी शेवटी. मराठी बायबलात त्याचे चार अध्याय आहेत, हिब्रू प्रतीत तीन. भट्टीसारखा पेटलेला दिवस मराठीत चौथ्याच्या आरंभी येतो आणि हिब्रूत तिसऱ्याच्या १९व्या वचनात. संशोधनपर लेखन चाळताना हा फरक ध्यानात असला की संदर्भ सापडायला अडचण पडत नाही.